डबा कॉफीच्या यंत्रापाशी ठेवू नकोस

ताई,
मी मूळची कऱ्हाडची. चार वर्षांपासून नवऱ्यासोबत नेदरलँड्समध्ये, द हेगला राहते. गेल्या जानेवारीत हौसेनं तिळाच्या वड्या करून ऑफिसात नेल्या. कॉफीच्या यंत्रापाशी डबा उघडून ठेवला आणि शेजारी संक्रांतीची, उत्तरायणाची माहिती लिहिलेला कागद ठेवला. संध्याकाळी पाहते तर तीन-चार वड्याच गेलेल्या. ट्राममध्ये तो डबा मांडीवर घेऊन बसले आणि रडूच आलं.

यंदा लेकीची पहिली संक्रांत. बोरनहाण आणि हळदीकुंकू करायचं मनात आहे. समोरच्या दारातल्या डच आजी (त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले), ऑफिसातली पोलंडची मैत्रीण, एक मोरोक्कन घरातली, एक सुरिनामची (ही दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत) हिंदुस्तानी, म्हणजे भारतीय वंशाची आणि ज्याच्यासोबत मी रोज डबा खाते तो सहकारी, एवढ्यांना बोलवावंसं वाटतं. नवरा म्हणतो, ‘त्यांना काय कळणार? आपली चार मराठी घरं बोलवू.’ सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘हळदीकुंकू सवाष्णींचं असतं. त्या आजींना कसं बोलावणार? आणि मुसलमान मुलीला कुंकू कसं लावणार?’ आता करावं की नाही, हेच कळेनासं झालंय.
— एक वाचक, द हेग

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचल्यापासून तो मांडीवरचा डबा डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून आधी त्याचंच बोलू.

तुझ्या वड्या बिघडल्या नव्हत्या आणि तुझ्या ऑफिसातली माणसंही तुसडी नाहीत. तू वड्या ठेवून आलीस, तिळगूळ दिला नाहीस. आपल्याकडे संक्रांतीला कोणी डबा उघडा टाकून निघून जातं का? लहानपणी आपण हलव्याची डबी घेऊन आळीभर फिरायचो. समोरच्याच्या तळहातावर चार दाणे ठेवायचे, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं आणि त्यांनी दिलेले चार दाणे आपल्या डबीत टाकून पुढच्या दारी जायचं. अंधार पडेपर्यंत डबीत घरचा हलवा थोडा आणि आळीचाच जास्त झालेला असायचा. हा सण हातावरून हातावर जातो. कागदावर लिहिलेला त्याचा अर्थ खरा असला, तरी त्यानं कोणाचा हात पुढे येत नाही.

तिथली रीतही जरा लक्षात घे. माझी धाकटी बहीण रॉटरडॅमला असते. तिच्या दोन्ही बाळंतपणांना मी गेले होते, तेव्हा डच घरांत थोडं जाणं-येणं झालं. तिथे ज्याचा वाढदिवस तोच केक घेऊन ऑफिसात येतो आणि सगळ्यांना हाक मारतो. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा घरचं माणूस पुढे करतं, मग पाहुणा एक उचलतो. शिवाय युरोपात खाण्याच्या पाकिटावर ज्या चौदा अ‍ॅलर्जीकारक पदार्थांचा उल्लेख ठळकपणे करावाच लागतो, त्यांत तीळही आहेत आणि शेंगदाणेही. तुझ्या कागदावर उत्तरायण होतं, पण वडीत काय काय आहे ते होतं का? ज्याला शेंगदाणा सोसत नाही तो अनोळखी वडीला हात लावणारच नाही, आणि त्यानं लावूही नये. यंदा ऑफिससाठी कूट न घालता वड्या कर, ताटालाही तुपाऐवजी सूर्यफुलाच्या तेलाचा हात लाव, म्हणजे दूधदुभतं वर्ज्य असलेल्यांनाही चालतील. मग डबा हातात घेऊन एकेकाच्या टेबलापाशी जा, ‘यात फक्त तीळ, गूळ, वेलची आणि थोडं सूर्यफुलाचं तेल आहे’ एवढं सांग आणि दे. उत्तरायण कोणी विचारलं तर सांग.

आता तुझ्या नवऱ्याचं ‘त्यांना काय कळणार’. त्याच्या मनात तुला पुन्हा वाईट वाटू नये एवढंच असणार, हे मी समजते. पण मला नेमकं उलटं वाटतं, आणि त्याला कारण आहे.

बहिणीला पहिली मुलगी झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. येताना गोल टोस्टांचा पुडा आणि एक खोका घेऊन आली. टोस्टावर लोणी फासलं आणि वर खोक्यातले गुलाबी-पांढरे दाणे भुरभुरवले. मी एक दाणा तोंडात टाकला आणि बहिणीकडे बघतच राहिले. आत बडीशेपेसारखा दाणा, वर साखरेचं कवच. आपला हलवाच की! डच लोक त्या दाण्यांना ‘माउश्यस’ म्हणतात, म्हणजे छोटे उंदीर, कारण आतल्या दाण्याचं देठ शेपटीसारखं बाहेर राहतं. मूल जन्मलं की घरी येईल त्याला हे द्यायचं, ऑफिसातही वाटायचं. ज्या देशात बाळाच्या नावानं साखरेत घोळवलेले दाणे वाटतात, तिथल्या बाईला तू हलव्याचे दागिने घातलेली लेक दाखवणार आहेस. तिला कळेल गं. तुझ्याआधी तिचा हात पुढे येईल.

बोरनहाणाचंही तसंच. सिंटरक्लास हा त्यांचा सण ५ डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. तेव्हा मसाल्याची छोटी बिस्किटं मूठमूठभर घरात उधळतात आणि पोरं जमिनीवर लोळण घेऊन ती गोळा करतात. बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे आणि हलवा ओतला की भोवतीच्या पोरांनी काय करायचं, हे डच पोरांना शिकवायला लागणार नाही.

तुझ्या पोलंडच्या मैत्रिणीकडे ‘सेझामकी’ नावाची तिळाची पातळ चिक्की दुकानादुकानात मिळते. तिनं शाळेत असताना खाल्ली असेल. मोरोक्कन घरात रमजानात तिळाची आणि मधात बुडवलेली ‘शबाकिया’ करतात, भाजलेलं पीठ, तीळ आणि बदामाचा ‘सेलू’ करतात. तुझ्या मैत्रिणीची आई भाजलेल्या तिळाच्या वासावरून तुझ्या स्वयंपाकघरात सरळ शिरेल. आणि सुरिनामच्या मैत्रिणीचं म्हणशील, तर तिचे पणजोबा-खापरपणजोबा 1873 ते 1916 या काळात कलकत्त्याहून जहाजानं मजूर म्हणून तिकडे नेलेल्यांपैकी असणार. त्यातले बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्या मुलखात संक्रांतीला ‘खिचडी’च म्हणतात आणि त्या दिवशी तीळ खातात. तिच्या घरी याची आठवण उरली आहे का, हे तिला जरूर विचार. उरली नसेल तर तुझ्या घरी तिला ती परत मिळेल.

म्हणजे तुझ्या यादीतल्या प्रत्येकीकडे तुझ्या सणाचा एकेक तुकडा आधीपासूनच आहे. तू त्यांना समजावत बसू नकोस, विचार. ‘तुमच्याकडे तिळाचं काय करतात?’ एवढ्या एका प्रश्नावर तुझी अर्धी संध्याकाळ सरेल.

आता आजी आणि सासूबाई. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

सांगलीला आमच्या वाड्यात एक काकू होत्या. हलवा करावा तर त्यांनीच. पौषातली थंडी पडली की मंद निखाऱ्यांच्या शेगडीवर पितळी परात ठेवून बसायच्या. परातीत तीळ, शेजारी वाटीत पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे, पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं चार-पाच दिवस. बोटांची टोकं लाल व्हायची, पण दाण्यावर असा काटा यायचा की मूठ वळली तर टोचावा. वाड्यातल्या प्रत्येक नव्या सुनेच्या अंगावर आणि प्रत्येक बाळाच्या गळ्यात काकूंचा हलवा असे. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी काकू माजघरात, दाराकडे पाठ करून. कारण त्यांचे यजमान त्या पंचविशीत असतानाच गेले होते.

मी तेव्हा नऊ वर्षांची. आईनं माझ्या हातात कुयरी दिली होती, म्हणून मी आत गेले आणि म्हटलं, ‘काकू, तुम्हाला लावू?’ त्यांनी माझं मनगट धरून हात हळूच बाजूला केला. मग स्वतःच्या वाटीतले चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘गोड बोल हो.’ बाहेर बायका हसत होत्या, अत्तराचा वास येत होता. मला कळलं काहीच नाही, पण त्या दिवशी हलवा गिळवेना, एवढं आठवतं. माझं लग्न झालं, माझं घर झालं, तेव्हापासून माझ्याकडच्या हळदीकुंकवाला जी बाई येते तिला विचारून हळदकुंकू लावते. नवरा आहे का, होता का, यातलं काही विचारत नाही.

त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे. आजींना बोलाव. आणि सगळ्यांना लावशील तर त्यांनाही लाव. त्यांना वेगळं काढून नुसता चहा देऊन पाठवणार असशील, तर मग हळदीकुंकू करूच नकोस.

तू परदेशात आहेस म्हणून ही सूट घेते आहेस, असंही मनात आणू नकोस. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तुझ्या कऱ्हाडपासून हेरवाड काही फार लांब नाही.

सासूबाईंशी मात्र भांडू नकोस, आणि लपवूही नकोस. फोटोतून कळलं तर त्यांना दुप्पट लागेल. सणाच्या आधी निवांत फोन कर आणि त्यांच्या माहेरचं हळदीकुंकू कसं असायचं ते विचार. कोण येत असे, काय वाण लुटत, आणि कोण आत बसत असे. हे शेवटचं विचारून गप्प बस. त्यांच्या वयाच्या बाईला आत बसलेली एक तरी काकू, आत्या, मावशी आठवतेच. मग म्हण, ‘माझ्या घरी मला कोणाला आत बसवायचं नाहीये.’ त्या लगेच हो म्हणतील असं नाही. पण हलव्याचे दागिने त्यांच्याकडूनच मागव, आणि बोरनहाणाच्या वेळी त्यांना व्हिडिओवर घे. नातीच्या कपाळावर हलव्याचा मुकुट त्यांनी सांगितल्याप्रमाणे बांधला जाऊ दे. (पार्सलमध्ये पेढे किंवा तूप पाठवू नका म्हणावं. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. ताजी बोरंही कागदपत्रांशिवाय आणता येत नाहीत.)

मोरोक्कन मैत्रिणीचा प्रश्न त्यामानानं सोपा आहे. आदल्या दिवशी तिलाच विचार. ‘आम्ही आलेल्या बाईला कपाळाला हळदकुंकू लावतो, हाताला अत्तर लावतो, गुलाबपाणी शिंपडतो. तुला यातलं काय चालेल?’ कपाळाला नको म्हणाली तर आनंदानं अत्तर लाव. पाहुण्यांवर सुगंधी पाणी शिंपडायची रीत मोरोक्कन घरांत आहेच, फक्त ते बहुधा संत्र्याच्या फुलांचं असतं. अत्तर मात्र अल्कोहोल नसलेलं आण. सगळ्यांसमोर ताट पुढे करून तिला तिथल्या तिथे ठरवायला लावू नकोस, एवढी एकच काळजी घे. हीच विचारपूस बाकीच्यांचीही कर, म्हणजे ती एकटी पडणार नाही.

तुझ्या सहकाऱ्याला बोलाव, त्याच्या घरच्यांसकट. तिळगुळाला बाई-पुरुष कधीच नव्हतं.

आता थोडं कामाचं. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून दरवर्षी 14 किंवा 15 जानेवारीलाच येते, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. मधला एखादा शनिवार किंवा रविवार धर. डच माणसाची भेटीगाठींची वही आठवडे आधी भरते, म्हणून डिसेंबरातच सांगून ठेव, आणि ‘तीन ते पाच’ अशी सुरुवातीची नि शेवटची दोन्ही वेळ सांग. तिथे ते कोणाला तुटक वाटत नाही. तीन वाजता बोलावण्यात आणखी एक फायदा आहे. 21 डिसेंबरला तिथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, संक्रांतीला पाचच्या आसपास. अर्धा तास वाढलेला उजेड खिडकीतून दाखव. अंधाऱ्या हिवाळ्यातून गेलेल्या माणसाला उत्तरायण याहून जास्त सांगावं लागत नाही. काळे कपडे घालून या म्हण. थंडीत काळा रंग ऊब धरतो हे कारण त्यांना पटेल, आणि काळा कोट तर तिथे घरटी असतोच.

बोरनहाण आधी उरकून घे, बाळाच्या झोपेची वेळ व्हायच्या आत. बोरांऐवजी छोटी मँडरिन संत्री घे. डिसेंबरात ती तिथल्या मुलांना सिंटरक्लासबरोबर मिळतात, त्यामुळे ओळखीची आहेत. ती मात्र डोक्यावरून ओतायची नाहीत, भोवती मांडून ठेवायची. ओतायला चुरमुरे भरपूर, हलवा अगदी थोडा. शेंगदाणे आणि हरभरे वगळ. चार वर्षांखालची पोरं जमिनीवरचं सगळं तोंडात घालतात, आणि दाणा घशात अडकायला क्षणही पुरतो.

लाडू आयते करून ठेवू नकोस. वळायला सगळ्यांना स्वयंपाकघरात घे. तीळ तुर्की दुकानातून आण, स्वस्त आणि ताजे मिळतात. गूळ हिंदुस्तानी किंवा भारतीय दुकानातला. तिथली ओलसर तपकिरी साखर दिसायला गुळासारखी असते, पण तिला गुळाची चव नाही. वाटीभर तिळाला पाऊण वाटी गूळ. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज. गुळाचा पाक पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघ. गोळी झाली आणि ती ताटावर टाकल्यावर टण्ण वाजली की उतरव. एका वेळी एवढाच घाणा घे, कारण पाक गार झाला की लाडू वळत नाही. पातेलं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलंस तर थोडा जास्त वेळ मिळेल. पहिले दोन लाडू तू वळ, ओल्या हातानं. पाहुण्यांना मिश्रण सोसेल एवढं निवू दे, नाहीतर बोटं भाजतील. वाकडे होतील, फुटतील, होऊ देत. ज्याचा त्याचा लाडू त्यानंच दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा आणि चार शब्द मराठीत म्हणायचे. डच जिभेला आपला ‘ग’ जमत नाही, त्यांच्या घशातून ‘ख’सारखंच काहीतरी येतं. म्हणू देत तसंच.

‘गोड बोला’चा अर्थ सांगताना एक जपायचं. स्पष्ट बोलण्याचा डच माणसाला अभिमान असतो, त्याला हे ‘खरं बोलू नका’ असं ऐकू येईल. म्हणून शब्दाला शब्द लावू नकोस. ‘गेल्या वर्षी आपल्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते इथेच सोडू’ असं सांग.

वाण म्हणून हायसिंथच्या कंदांच्या छोट्या कुंड्या दे. जानेवारीत दुकानांत भरपूर असतात, आठवड्याभरात घर दरवळतं.

आणि उखाणे घ्यायला लाव, हे विसरू नकोस. सिंटरक्लासला भेटवस्तूसोबत यमक जुळवलेली कविता लिहायची रीत डच घराघरांत आहे, त्यामुळे दोन ओळी जुळवायला ती माणसं मुळीच लाजत नाहीत. आजींना बोलवायला जाशील तेव्हा चिठ्ठी टाकू नकोस, दार वाजव आणि लेकीला कडेवर घेऊन जा. त्यांना सांग, ‘आमच्यात नवऱ्याचं नाव कवितेत गुंफून घेतात, तुम्हीही तुमच्या यजमानांचं घ्या.’ त्यांना दोन दिवस दे. तीन वर्षांत ते नाव मोठ्यानं घ्यायला त्यांना कोणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

तुझी,
ताई